चौथी-ब मधले दहा डबे

जागा १ / डबा १

सोमवारी सकाळी आठ वाजता अंधेरीच्या पाणीखात्याच्या चौकीत फोन वाजला. भीमराज पगारे नुकताच खड्ड्यातून वर आला होता. शनिवारी दुपारी मोठी वाहिनी फुटली तेव्हापासून तो तिथेच होता. एक बूट निघाला होता, दुसरा चिखलाने पायाला चिकटला होता.

"भीमा, दहापैकी दहा," पलीकडून वनमाला म्हणाली.

"काय दहा?"

"दशरथकाकांनी दहाच्या दहा डबे ओळखले. काल, दोनशे माणसांसमोर. वाट लागली आपली."

भीमराजने दुसरा बूट तसाच ठेवला.

"डबे कोणी उघडले?"

"सगळ्यांसमोर उघडले. लाखेच्या मोहोरा शाबूत होत्या. पाच डब्यांत पाणी, पाचांत वाळू. काकांनी सांगितलं तसंच."

"आणि उत्तराचं पाकीट?"

"ते सापडत नाही."

"उत्तर कोणाला माहीत होतं?"

"एकट्या सुलक्षणाला," वनमाला म्हणाली. "तेच तर."

तारेवर नुसती खरखर ऐकू येत राहिली. भीमराज अर्धा मिनिट काहीच बोलला नाही.

"आज पाच वाजता बैठक आहे," वनमाला म्हणाली. "तिला मंडळातून काढायचा ठराव आहे. मुख्याध्यापकांना पत्रही द्यायचं म्हणतायत. तिच्या शब्दावर शाळा मिळाली होती ना. पत्र गेलं तर तिच्या नोकरीच्या कागदांत लागेल रे."

"पाचपर्यंत कोणाला वर्गातलं काही हलवू देऊ नकोस."

"हलवायला उरलंय काय? पाण्याचे डबे लोकांनी उचलून नेले. तीर्थ म्हणून प्यायले."

"पामतेलाच्या डब्यातलं?"

"वास येत होता म्हणे. तरी प्यायले."

जागा २ / डबा २

सहा महिने. सहा महिने नऊ माणसं या एका रविवारासाठी भांडत होती.

जोगेश्वरी पूर्वेच्या या विज्ञान मंडळाला अध्यक्ष नव्हता. अध्यक्ष आला की बुवा आला, असं पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. त्यामुळे सगळं हात वर करून ठरायचं. मेळाव्याचं नाव हात वर करून ठरलं: 'खुला विज्ञान मेळावा. कोणीही या, काहीही विचारा.' बटाटेवडे किती सांगायचे यावर दोन बैठका गेल्या. ज्या प्राध्यापकांना बोलवायचं ठरलं त्यांनी आधी हो म्हटलं, मग तारीख बदला म्हटलं, मग ते फोनवरच येईनासे झाले. गणेश मंडळाने माईक देतो म्हणून दिला नाही. पोलीस चौकीने विचारलं, देवाविरुद्ध काही आहे का. नाही म्हटलं, तर म्हणाले, मग परवानगी कशाला हवी?

एकच गोष्ट धड होती. पाणाड्याची चाचणी.

दशरथ घाडी हे लेण्यांजवळच्या गल्लीत राहणारे म्हातारे मालवणी गृहस्थ. उंबराची बेचकी हातात धरून जमिनीखालचं पाणी सांगायचे. बोअर खणायची तर आधी काकांना बोलवा, असं अर्ध्या जोगेश्वरीत होतं. त्यांना विचारलं, तपासणी देणार का? ते लगेच हो म्हणाले.

चाचणी अशी. सुलक्षणाच्या शाळेत, तिच्याच चौथी-ब वर्गात जमिनीवर खडूने एक ते दहा आकडे. प्रत्येक आकड्यावर तेलाचा रिकामा चौकोनी पत्र्याचा डबा. पाचांत पाणी, पाचांत तितक्याच वजनाची वाळू. कुठे काय, ते चिठ्ठ्या काढून ठरवायचं. डबे सुलक्षणा एकटी भरणार, झाकणांवर लाख लावणार, उत्तर पाकिटात बंद करून देणार आणि चाचणी संपेपर्यंत जोगेश्वरीत थांबणारच नाही. तिच्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळायला नको.

काकांनी डब्याला हात लावायचा नाही. दोरीबाहेरून चालायचं.

भीमराजने हे नियम तीन वेळा तपासले होते. त्यात फट नव्हती. बसमध्ये बसल्या बसल्या त्याने चौथ्यांदा तपासले. फट सापडेना, आणि त्याचीच चीड येत होती.

जागा ३ / डबा ५

सुलक्षणा गांगुर्डे दाराशी वह्या तपासत बसली होती. दिवाळीच्या सुट्टीत वह्या कोण तपासतं?

"तूही विचारायला आलास?" ती मान वर न करता म्हणाली.

"विचारायलाच आलो. शनिवारी काय काय केलंस?"

"पाचला वर्ग उघडला. नळावरून बादलीने पाणी आणलं, मगाने ओतलं. सांडलं बरंच. पाण्याच्या डब्यांची बुडं ओलीच राहिली. वाळू कोरडी होती. लाख लावली. यादी लिहिली, पाकीट बंद केलं, निमंत्रक म्हणून चंद्रप्रकाशच्या हातात दिलं. मग वर्सोव्याहून होडीने मढला, राधाताईकडे."

"वर्गाला कुलूप?"

"दोन. एक किल्ली चंद्रप्रकाशकडे, एक पहाऱ्यावरच्या सहदेवकडे. दोघं मिळूनच उघडू शकतात."

"मढला कोणी भेटलं?"

"राधाताई आणि तिची सुकट. काल चारला परत आले, तर वनमाला माझ्याकडे बघेना."

"यादीत काय होतं? आठवतं?"

सुलक्षणाने पेन खाली ठेवलं.

"आठवायचं नाही असं ठरवूनच भरत होते रे. चिठ्ठी काढायची, भरायचं, लिहायचं, विसरायचं. आपलाच नियम. पण एक राहिलं डोक्यात. मध्ये कुठेतरी सलग तीन पाण्याचे आले. मला वाटलं, हे बनवल्यासारखं दिसेल. बदलावंसं वाटलं. नाही बदललं."

"कालचं उत्तर काय निघालं?"

"दोन, तीन, सहा, आठ, नऊ."

"यात सलग तीन नाहीत."

"मी तेच म्हणाले काल. चंद्रप्रकाश म्हणाला, आठवण हा पुरावा नाही." ती हसली, पण बरं हसली नाही. "बरोबरच आहे. मीच मुलांना शिकवते ते. आता माझीच आठवण, माझ्याच बाजूची. तिला कोण विचारणार?"

"मी विचारतोय ना."

"पाचला विचार. आत्ता वह्या आहेत."

जागा ४ / डबा ४

मंडळाच्या कार्यवृत्ताची वही सुलक्षणाकडेच होती. भीमराजने गुरुवारचं पान काढलं.

*उपस्थिती नऊ. वडे: दोनशे चाळीस (हात ५ विरुद्ध ४).*

*चाचणीचा क्रम: आधी पाकीट वाचावे की आधी डबे उघडावेत? चंद्रप्रकाश यांची सूचना: आधी डबे, मग पाकीट, म्हणजे उत्कंठा राहील. हात ७ विरुद्ध २. विरोध: सुलक्षणा, भीमराज.*

*सतरंज्या: सहदेव आणणार, सहदेव परत करणार.*

पानात घडी करून कार्यक्रमाचं चक्रमुद्रित पत्रक ठेवलं होतं. शाई बोटांना लागत होती.

*१०.३० चाचणी. ११.१५ स्लाइड्स व भाषण: वनमाला तावडे, 'चमत्कारामागचे रसायन'. १२.३० डबे उघडणे. १.०० पाकीट. १.१५ खुलासा: चंद्रप्रकाश.*

त्या गुरुवारी भीमराजने विरोध का केला होता? उत्तर आधी वाचलेलं बरं, एवढंच तेव्हा वाटलं होतं. वड्यांच्या भांडणाने सगळे इतके वैतागले होते की त्यानेही पुढे ताणलं नाही.

त्याने पत्रक खिशात टाकलं.

जागा ५ / डबा ३

दशरथकाका ओट्यावर बसले होते. गळ्यात कालचा हार अजून होता. झेंडू सुकला होता. दाराबाहेर सहाजण आपापल्या सोसायटीसाठी काकांना न्यायला थांबले होते.

"काका, डब्याला हात लागला?"

"दोरी होती मा. हात कसो लागतलो?"

"कोणी खूण केली? खोकलं, बोट दाखवलं?"

"काडी धरलंय की मी डोळे मिटून घेतंय. माका खूण दिसतली कशी?"

"सुलक्षणाबाई आधी काही बोलल्या?"

म्हाताऱ्याने हार काढून बाजूला ठेवला.

"त्या पोरगीक मी धड वळखूक पण नाय. आणि तुका एक सांगू? कोणाक सांगा नको." त्यांनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "माज्या जल्मात दहात दहा कधी लागले नाय. दहा विहिरी दाखवलंय तर सात लागतत, तीन सुके. ता माका ठावक आसा. काल लोकांनी माका खांद्यार घेतल्यानी, तेवा माज्या डोळ्यांत पाणी इला. पण रातभर झोप नाय. माकाच पटना नाय."

"सहदेव तुमच्याच गावचा ना?"

"माज्या वाडीतलो. मिल बंद पडली तेवा वरीसभर हयच जेवलो." काकांचे डोळे बारीक झाले. "कित्याक इचारतस?"

"सहज."

"पाणीखात्यातलो माणूस सहज काय इचारना नाय."

"आज पाच वाजता शाळेत या. दहात दहा कसे लागले ते सांगतो."

"आणि खोटे निघाले तर?"

"तर तेही सांगेन."

दशरथकाकांनी हाराकडे पाहिलं. मग दाराबाहेरच्या माणसांना म्हणाले, "आज खयच जावचंय नाय. घराक जावा."

जागा ६ / डबा ६

वनमाला स्टेशनरोडच्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. हातात नळी धरूनच ती बाहेर आली.

"काकांनी डबे सांगितल्यावर वर्गात कोण होतं?"

"कोणी नाही. आकडे फळ्यावर लिहिले, सगळ्यांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं. सहदेव दाराशी स्टुलावर. आम्ही सगळे हॉलमध्ये, माझ्या स्लाइड्सना. पडदे लावले होते."

"काही झालं मध्ये?"

"झालं ना. पावणेबाराला वीज गेली. नवव्या स्लाइडला. सहा महिने त्या स्लाइड्स जमवत होते मी. मिट्ट काळोख, पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी चंद्रप्रकाशला तीनदा हाक मारली. त्यालाच सगळ्याची घाई असते, आणि नेमका तेव्हा ओ देईना."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं तरी. वीज आली तेव्हा तो पुढच्या रांगेत बसलेला. घाम पुसत." तिने नळी उजेडात धरून पाहिली. "पंखे बंद होते, सगळेच घामाघूम होते म्हणा."

"पाकीट तेव्हा कुठे होतं?"

"त्याच्याच शबनम पिशवीत. नेहमीसारखं."

जागा ७ / डबा ८

सहदेव मेस्त्री गोरेगावच्या स्टुडिओत दिवे लावायचा. सेटवर कोणाचं तरी लग्न चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो भीमराजला वायरींच्या ढिगाऱ्यावर बसवून स्वतः उभा राहिला.

"तू दाराशी कधी ते कधी होतास?"

"सव्वाअकरा ते साडेबारा. स्टुलावरून हललो नाही."

"वीज गेली तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

"मग फ्यूज कोणी लावला?"

सहदेवने एक वायर उचलून गुंडाळायला घेतली.

"हॉलमध्ये दोनशे माणसं, त्यात विजेचं काम येणारा तू एकटा. फ्यूज आपणहून लागला?"

"भीमा, नियम होता, पहारेकऱ्याने उठायचं नाही. मी उठलो. सांगितलं असतं तर सगळं माझ्यावर आलं असतं. काका माझ्या वाडीतले, पहाऱ्याला मी, आणि मी जागेवर नाही. तू असतास तर काय म्हणाला असतास?"

"मी आत्ताही तेच म्हणू शकतो."

"मग म्हण."

"बोर्डापाशी काय दिसलं ते सांग."

"मेन बोर्ड जिन्याखाली आहे. फ्यूज खाली ठेवलेला. तार बघितली, शाबूत होती. म्हटलं, ढिला होऊन पडला असेल. पण बॅटरी शोधण्यातच वेळ गेला. कोणी आगकाडी पेटवून धरायलासुद्धा नव्हतं तिथे. एकटा चाचपडत होतो."

"पडला होता की ठेवला होता?"

सहदेवने विचार केला. "बोर्डाच्या वर. फळीवर."

"पडलेली वस्तू वर जाते?"

"नाही जात यार." तो खाली बसला. "रविवारचा दिवसच तसला. शेवटी बावीस सतरंज्या मी एकट्याने टेम्पोत टाकल्या. एक माणूस हात लावायला आला नाही. सगळे काकांच्या मिरवणुकीत."

"तुझी किल्ली घेऊन साडेचारला शाळेत ये."

"माझं नाव घेणार आहेस?"

"उठलास हे सांगावं लागेल."

जागा ८ / डबा ७

चंद्रप्रकाश सामंत खाटेवर उशांना टेकून बसला होता. विमा कचेरीतून रजा घेतली होती. कमरेला पट्टा. मंडळ त्याने सुरू केलं, पण तो स्वतःला फक्त निमंत्रक म्हणवायचा.

"ये भीमा. बघ काय होऊन बसलं. सहा महिन्यांची माती."

"कमरेला काय झालं?"

"सतरंज्या उचलल्या काल. वय झालं."

"पाकीट?"

"टेबलावर ठेवलं होतं. अंधारात, गडबडीत कोणीतरी उचललं असणार."

"वीज गेली तेव्हा तू कुठे होतास?"

"मेन बोर्डाकडे धावलो. निमंत्रक म्हणून कोणीतरी जायला नको?"

"कोण होतं तिथे?"

"काळोख होता रे. कोण कोणाला दिसतंय?"

"सुलक्षणा म्हणते, सलग तीन पाण्याचे होते."

"तिच्या आठवणीवर निष्कर्ष काढणार? शिबिरात तूच सांगतोस, आठवण बदलते." त्याने चादरीची कड सारखी केली. "मी तिला दोष देत नाही. कालही दिला नाही. उत्तर एकीलाच माहीत होतं आणि ते फुटलं, एवढंच समोर आहे."

"फुटलंच कशावरून?"

"दहापैकी दहा नशिबाने? अडीचशेत एकदा."

"डब्यांत कोणी काही केलं असेल तर?"

"मोहोरा शाबूत होत्या. दोनशे जणांनी पाहिल्या."

"आणि एक वाजताचं पाकीट कोणीच मागितलं नाही?"

चंद्रप्रकाशने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "एकानेही नाही."

वर्गाची किल्ली मात्र त्याने मागितल्याबरोबर दिली.

जागा ९ / डबा ९

साडेचार. सहदेवने एक कुलूप उघडलं, भीमराजने दुसरं.

चौथी-ब मध्ये पामतेलाचा वास कोंडला होता. दोरी तुटून लोंबत होती. शहाबादी लादीवर खडूचे आकडे पायांनी पुसट झाले होते, तरी वाचता येत होते. पाण्याचे पाच डबे लोकांनी नेले. वाळूचे पाच तिथेच होते. वाळू कोण तीर्थ म्हणून घेणार? ते एक, चार, पाच, सात आणि दहा या आकड्यांवर उभे होते.

"काल उघडल्यावर हे कोणी हलवले?"

"कोण हलवेल? झाकणं काढून बघितली फक्त. नंतर कुलूप."

भीमराजच्या पिशवीत त्याची सळई होती. रस्त्याला टेकवून कान लावायचा आणि खाली कुठे गळतंय ते ऐकायचं, बारा वर्षं हेच काम. त्याने सळईने वाळूच्या डब्यावर टकटक केली. ठप्प आवाज आला.

"शेजारच्या वर्गातली पाण्याची कळशी आण."

कळशीवर टकटक केली. आवाज वेगळाच होता.

"हात लावू दिला तर न उघडता कोणालाही कळेल, काय आत आहे," सहदेव म्हणाला.

"काकांना हात लावू दिला नव्हता. दुसऱ्या कोणाला अडवलं होतं का?"

मग तो गुडघ्यावर बसला. रिकाम्या जागा पाहिल्या. दोनवर लादीला गंजाचा चौकोन होता, डब्याच्या बुडाएवढा, तांबूस. सहावर होता. नऊवर होता. तीनवर काहीच नव्हतं. आठवरही काहीच नव्हतं.

"चल, वाळूचे डबे उचल."

सहदेवने एक नंबरचा उचलला. खाली कोरडी, करडी लादी. चार, तशीच. दहा, तशीच.

पाच नंबरचा उचलला आणि सहदेव डबा हातात धरूनच उभा राहिला.

वाळूच्या कोरड्या डब्याखाली गंजाचा चौकोन होता.

सातच्या खालीही.

"ठेव," भीमराज म्हणाला. "अगदी होता तिथेच ठेव."

जागा १० / डबा १०

पाच वाजता मंडळ चौथीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलं. पहिल्या बाकावर दशरथकाका. सुलक्षणा खिडकीशी उभी. चंद्रप्रकाश पट्ट्यासकट आला होता.

"ठराव वाचू?" वनमालाने विचारलं.

"आधी एक चाचणी," भीमराज म्हणाला. त्याने खडू घेऊन फळ्यावर पाच आकडे लिहिले.

२, ५, ६, ७, ९.

"सुलक्षणाच्या पाकिटात हे लिहिलंय. मी पाकीट पाहिलेलं नाही. चुकलो तर ठराव खुशाल पास करा."

"पाकीट आहे कुठे?" कोणीतरी म्हणालं.

"येईल. आधी एक विचार करा. उत्तर फुटलं असतं तर पाकिटात आणि डब्यांत एकच निघालं असतं. मग ते चोरून कोणाचा काय फायदा? पाकीट नाहीसं करावं लागतं ते एकाच कारणाने. ते आणि डबे जुळत नव्हते. आणि डबे काकांशी जुळत होते. याचा अर्थ काकांना कोणी डबे सांगितले नाहीत. काका बोलल्यानंतर कोणीतरी डबे काकांप्रमाणे लावले."

"मोहोरा शाबूत होत्या," वनमाला म्हणाली.

"डब्यांवर होत्या. जागांवर होत्या का? आपण झाकणं बंद केली. डबा त्याच आकड्यावर राहील, यासाठी काय केलं? मी नियम चार वेळा तपासले आणि चारही वेळा झाकणच तपासलं."

त्याने पाच नंबरचा डबा बाजूला केला. सगळे वाकले.

"शनिवारी पाणी सांडलं, बुडं ओली राहिली, रात्रभर जुना पत्रा लादीवर गंजला. वाळूचे डबे कोरडे होते, त्यांचा डाग नाही. पाच आणि सातवर रात्रभर पाणी होतं, आज तिथे वाळू आहे. तीन आणि आठवर लोकांना पाणी सापडलं, तिथे डाग नाही, कारण ते डबे तिथे जेमतेम तासभर होते. तीनचा पाचवर, पाचचा तीनवर. सातचा आठवर, आठचा सातवर. चार डबे. दहा मिनिटांचं काम. पाच, सहा, सात हे सलग तीन. सुलक्षणा कालच सांगत होती."

सुलक्षणा खिडकीकडून फळ्याकडे वळली.

"ती दहा मिनिटं काळोखाची," भीमराज म्हणाला. "फ्यूज कोणीतरी काढून फळीवर ठेवला. सहदेव दार सोडून तिकडे गेला. त्याने ते लपवलं, ती त्याची चूक. पण बोर्डापाशी तो सगळा वेळ एकटा होता. दुसरा एकजण म्हणतो, मीही बोर्डापाशीच होतो. तोच म्हणतो, सतरंज्या उचलून कंबर धरली. सतरंज्या बावीसही सहदेवने उचलल्या. आणि त्यानेच गुरुवारी आपल्याकडून हात वर करून घेतले, आधी डबे, मग पाकीट. पाकीट आधी वाचलं असतं तर त्याला काही करताच आलं नसतं."

आता कोणी भीमराजकडे पाहत नव्हतं.

"तू ते फाडलं नसशील, चंद्रप्रकाश. तू पुरावा फाडणारा माणूस नाहीस. काढ."

चंद्रप्रकाशने शबनममध्ये हात घातला. पाकीट निघालं. लाख शाबूत होती.

सुलक्षणाने ते घेतलं, फोडलं आणि वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात वाचलं. "दोन. पाच. सहा. सात. नऊ."

बाक करकरला.

"सव्वाला खुलासा होता," चंद्रप्रकाश म्हणाला. "पत्रकात आहे. मी सगळं सांगणारच होतो. बघा, तुम्ही विज्ञानवाले, दोनशे जण, समोर दहापैकी दहा आले आणि एकाने म्हटलं नाही की पाकीट दाखवा. तेच सिद्ध करायचं होतं. काकांची नाही, आपली चाचणी होती ती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. ते रडत होते. त्या क्षणी उभं राहून कसं सांगू की हे मी केलं? म्हटलं, संध्याकाळी बैठकीत सांगू. संध्याकाळी कोणीतरी सुलक्षणाचं नाव घेतलं."

"मी घेतलं," वनमाला हळू म्हणाली.

"आणि मग दर मिनिटाला सांगणं आणखी अवघड होत गेलं."

"मी तुला तीन सलग म्हणाले," सुलक्षणा म्हणाली. "तू म्हणालास, आठवण हा पुरावा नाही. पुरावा तेव्हा तुझ्या खांद्याला लटकत होता."

चंद्रप्रकाशने शबनम खांद्यावरून काढून बाकावर ठेवली.

दशरथकाका इतका वेळ फळ्याकडे बघत बोटं मोजत होते.

"माजे खरे किती?"

"पाण्याचे पाचांत तीन, काका. डोळे मिटून सांगितले असते तरी साधारण तितकेच आले असते."

"डोळे मिटूनच सांगलंय." ते उठले. "बरा. तीन माजे. दहा तुमचे. ते तुमी वाटून घेवा." दाराशी जाऊन थांबले. "परत करतलास तर सांगा. मी येतलंय. पण ह्या वेळाक आकडे डब्यांर पण घाला."

वनमालाने वही पुढे ओढली. "ठराव. सुलक्षणा गांगुर्डे यांची मंडळ माफी मागत आहे. बाजूने?"

आठ हात वर गेले. चंद्रप्रकाशचा सगळ्यात आधी.

"विरोधात?" सवयीने तिने विचारलं.

सुलक्षणाने हात वर केला.

"माफी हात वर करून मागत नाहीत," ती म्हणाली. ती टेबलामागे गेली, तिच्या रोजच्या खुर्चीवर बसली. "एकेकाने या."

कोणी उठेना. बाक लहान होते, आणि उठायचं कसं हेही कोणाला कळेना.

भीमराज टेबलाशी गेला. खडूचा हात पँटला पुसला.

"सकाळी वनमालाने फोन केला," तो म्हणाला. "तुझं नाव घेतलं. अर्धा मिनिट मलाही तसंच वाटलं."

"अर्धा मिनिट?"

"अर्धा."

सुलक्षणाने त्याच्याकडे पाहिलं.

"लिहून घे, वनमाला," ती म्हणाली. मग बाकांकडे वळली. "पुढचं कोण?"

मागच्या बाकावर चंद्रप्रकाश दोन्ही हातांनी कंबर धरून उभं राहायचा प्रयत्न करत होता. त्याला हात द्यायला कोणी पुढे झालं नाही.